बोका दारात येतो, वाटीपाशी बसतो, पण खात नाही. शेजारीही खाऊ घालतात. काय समजायचं?

पागोळी | २ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. तीन मजली जुनी इमारत, खाली लहानसं आवार, मागे बदामाचं झाड. या आवारात पाच वर्षांपासून एक पिवळा-पांढरा बोका आहे. आम्ही त्याला केशर म्हणतो. तो घरातला नाही, बाहेरचाच. पाऊस असला की जिन्याखाली, नाहीतर मीटरच्या खोलीत झोपतो. तीन वर्षांपूर्वी त्याची नसबंदी करून घेतली, तेव्हाच खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं आहे. सकाळी सातला आणि रात्री नऊला तो आमच्या दारात येतो आणि मी त्याला मांजरांचे कोरडे दाणे घालते.

जूनच्या मध्यापासून त्याची भूक अचानक वाढली. वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि अजून मागायचा. मला बरंच वाटलं. पण गेले दहा-बारा दिवस उलटंच चाललंय. वेळेवर येतो, ओरडतो, वाटीपाशी बसतो, वास घेतो, एखादा दाणा उचलतो आणि निघून जातो. पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात. पाठीवरचे केस राठ झालेत, आधी असे नव्हते. उलटी केलेली पाहिली नाही. शी कुठे करतो ते माहीत नाही.

तळमजल्यावरच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे तर दुप्पट खातो हल्ली." त्या त्याला दूधपोळी कुस्करून देतात. म्हणजे तिकडे पोट भरतं म्हणून माझ्याकडे खात नाही, असं समजायचं का? मग अंगावरचं मांस कुठे गेलं? जंत असतील का? मला खरंच काळजी वाटतेय, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

रानवारा | २ ऑगस्ट

जंतांची शक्यता आहेच. बाहेरच्या मांजराला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं असं आमचे डॉक्टर सांगतात. पण औषध वजनावर ठरतं, तेव्हा आधी वजन करा. माणसांच्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार मांजरासाठी फार ढोबळ होतो, शे-दोनशे ग्रॅम कुठेही हरवतात. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मिळतो, त्याला पिंजरा अडकवा. आधी रिकामा, मग बोक्यासकट.

पूर्वीचं वजन कुठे लिहून ठेवलंय का? नसबंदीच्या कागदावर असतं.

तिसरा_मजला | २ ऑगस्ट

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि मांजरांवर माझा राग नाही, हे आधी सांगतो. पण चार घरं चार ठिकाणी खाऊ ठेवतात तेव्हा उरलेल्यावर घुशी येतात, मुंग्या येतात, आणि तक्रार शेवटी मांजरावरच जाते. आमच्याकडे असंच झालं होतं. एक जागा, दोन वेळा, वीस मिनिटांनी वाटी उचलायची, असं ठरवल्यावर भांडणं थांबली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यांपासून दूर ठरवून द्यावी असं आहे. कोणी "खायला घालणं बंदच करा" म्हणालं तर शांतपणे तो कागद दाखवा.

आणखी एक. चार वाट्या असल्या की कोणालाच कळत नाही तो एकूण किती खातो. तुमची अडचण मला तिथेच दिसते.

शिंपला | ३ ऑगस्ट

मी अलिबागची, घरात मासेमारी. तुमच्याकडे दारावर कोळीण येते का? येत असेल तर जूनमधल्या भुकेचं उत्तर तिथे आहे. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद असतात. टोपलीत ताजं म्हावरं कमी, सुकट आणि सुके बोंबीलच जास्त. मासे साफ करताना डोकी आणि शेपट्या मांजराला पडतात, त्या बंद झाल्या की ते दुसऱ्या दारी जास्त खाणारच. आमच्या बंदरावरची मांजरं या दोन महिन्यांत घराघरांत शिरतात, हे लहानपणापासून पाहतेय.

आता बंदी उठली, पण श्रावण लागलाय. घेणारे नसले की मावशी गणपतीपर्यंत टोपली घेऊन तुमच्या गल्लीत फिरकणार नाही. म्हणजे आत्ता त्याला उलट जास्त भूक लागायला हवी. तरी तो दाणे सोडून जातोय, हे मला बरं वाटत नाही. सुक्या मासळीचं मीठ पोटात गेलं असेल तर पाणी जास्त पितो का तेही बघा.

पागोळी | ३ ऑगस्ट

शिंपला, अगदी खरं! चेंदणी कोळीवाड्यातून एक मावशी येतात, आमच्या फाटकाशी बसूनच मासे साफ करून देतात. आणि केशर त्यांच्या टोपलीपाशी असतोच. गेले दोन आठवडे त्या आलेल्या नाहीत. मी हे कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

वजन केलं. ३ किलो ९०० ग्रॅम. नसबंदीच्या कागदावर ४ किलो ६०० आहे.

पशुवैद्य_सातारा | ३ ऑगस्ट

७०० ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाचा साधारण १५ टक्के भाग. ६० किलोच्या माणसाचे ९ किलो उतरल्यासारखं आहे. हे "थांबून बघू" म्हणायचं वजन नाही. मी गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी करतो, पण मांजरंही तपासली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भूक नसणं आणि खाता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक मेलेलं मांजर वाटीकडे येतच नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसतं. तुमचा बोका वेळेवर येतो, मागतो, वास घेतो, दाणा उचलतो. म्हणजे भूक आहे. आता हे बघा: दाणा तोंडात धरून खाली टाकतो का? मान एका बाजूला वाकडी करून चावतो का? पंजाने तोंड पुसतो का? लाळ, तोंडाला घाण वास, हनुवटीचे केस ओले किंवा तपकिरी? राठ केसांचं कारणही तिथेच असू शकतं, तोंड दुखत असेल तर मांजर अंग चाटणं सोडून देतं.

खूप खातो आणि तरी वाळतो, असं असेल तर जंत, मधुमेह, आणि दहा वर्षांवरच्या मांजरात थायरॉइड. पाणी फार पितो आणि खाणं कमी, तर मूत्रपिंडं. यातलं काय आहे ते एका वाटीवरून ठरत नाही. आजी म्हणतात दुप्पट खातो, तुम्ही म्हणता खात नाही. दोघीही खरं सांगताय. मला तिसऱ्या आणि चौथ्या वाटीचं काय होतंय ते हवं आहे.

दोन गोष्टी तातडीच्या म्हणून लक्षात ठेवा. पूर्ण २४ तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांकडे न्या, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचायला लागते, जाड मांजरात तर लवकरच. आणि बोका वारंवार लघवीला बसून कुंथत असेल, थेंबच येत असेल, तर त्याच दिवशी न्या, रात्र असली तरी. बोक्याचा लघवीचा मार्ग अडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आणि कृपा करून माणसांची कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

लीड्सकर | ३ ऑगस्ट

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात आहे. आमची मनी घराबाहेर हिंडायची आणि दिवसेंदिवस गोल होत चालली होती. डॉक्टरांनी खाणं कमी करायला सांगितलं, मी अर्ध्यावर आणलं, तरी वजन वाढतच राहिलं. शेवटी कागदाची पट्टी तिच्या गळ्यात सैल बांधली, वर लिहिलं, "हिचं पथ्य चालू आहे, तुम्ही खायला देता का? या नंबरवर कळवा." दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. एक आजोबा तिला रोज ट्यूना देत होते, बायको गेल्यापासून संध्याकाळी तीच त्यांच्या सोबतीला असायची. त्यांना "देऊ नका" म्हणवेना. मग मी तिच्या पथ्याच्या खाण्यातलाच एक भाग डब्यात काढून त्यांच्याकडे ठेवला. त्यांची संध्याकाळ राहिली आणि मनीचं वजनही उतरलं.

पागोळी, तुम्हीही पट्टी बांधून बघा. फक्त कागदाचीच, दोरा किंवा रिबन नको. कुठे अडकली तर फाटायला हवी.

रानवारा | ३ ऑगस्ट

लीड्सकर, कल्पना छान आहे, पण इथे ऑगस्टमध्ये कागद दहा मिनिटांत लगदा होईल. आणि भिजू नये म्हणून कोणी वरून चिकटपट्टी लावली तर तो फाटणार नाही, गळ्याला फास बसेल. त्यापेक्षा दारोदार जाऊन विचारलेलं बरं.

पागोळी | ५ ऑगस्ट

काल संध्याकाळी चौदा घरं फिरले. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला. जे कळलं ते जसंच्या तसं लिहिते.

आजी (तळमजला): सकाळी दहा आणि दुपारी चार. दूधपोळी, कधी दूधभात. पूर्वी अर्धी पोळी खायचा, आता एक संपवतो. पोळी दुधात अगदी विरघळेपर्यंत भिजवतात, कारण "हल्ली तशीच आवडते त्याला."

मागच्या इमारतीतली मुलं: चौघं भाड्याने राहतात, नोकरीला आहेत. रात्री अकराला चिकनचे तुकडे देतात. पूर्वी तुटून पडायचा. आता एक घास चावतो, एकदम फिस्कारतो आणि पळतो. त्यांना वाटलं आपल्यालाच घाबरायला लागला, म्हणून त्यांनी जवळ जाणं सोडलं होतं. हे सांगताना त्यातल्या एकाचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी: श्रावणाआधी रविवारी माशाच्या कालवणातलं द्यायच्या. आता वरणभात ठेवतात, रस चाटतो आणि भात सोडतो.

कोळीणमावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "शेवटी आलते तवा मांदेलीचं डोकं घेतलं आन् टाकलं. मी म्हटलं पोट भरलं आसंल."

आणि माझ्याकडे दाणे. आज नीट पाहिलं. उचलतो, मान डावीकडे झुकवतो, टाकतो. हनुवटी ओली आहे.

इतके दिवस आजींवर मनात चिडत होते, की त्यांच्या दुधामुळे माझं चांगलं खाणं वाया जातं. त्यांची भिजवलेली पोळीच त्याला जगवत होती.

पशुवैद्य_सातारा | ५ ऑगस्ट

पाचही घरांचं एकत्र वाचा. मऊ ते खातो, चावायचं ते सोडतो, चावताना कळ येते म्हणून फिस्कारतो. तोंड दुखतंय. उद्याच घेऊन जा. दात, हिरड्या आणि घशाच्या आतली बाजू बघायला सांगा. भूल द्यायची वेळ आली तर आधी रक्ततपासणी करून मूत्रपिंडं आणि यकृत बघून घ्या, आणि एफआयव्ही (मांजरांतला एचआयव्हीसारखा विषाणू) व ल्यूकेमियाच्या विषाणूची चाचणीही करा, बाहेरच्या बोक्यात आणि त्यातून तोंडाच्या आजारात ती हवीच.

तोवर दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून द्या. उकडलेलं चिकन मिठाशिवाय, हाडाशिवाय, मिक्सरमधून काढून. कालवण आणि वरण बंद. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला तरी दोष जात नाही. आजींना दूध एकदम तोडायला सांगू नका, आत्ता पोटात काहीतरी जाणं महत्त्वाचं. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, तेव्हा पोळी दुधाऐवजी चिकनच्या पाण्यात भिजवता आली तर बघा.

चिमणपाखरू | ५ ऑगस्ट

पकडताना एक करा. आदल्या रात्रीपासून पिंजरा उघडा ठेवून त्याच्या झोपायच्या जागी ठेवा, आत तुमची वापरलेली ओढणी घाला. आणि सकाळी सगळ्या घरांना सांगा, डॉक्टरांकडून येईपर्यंत कोणी काही देऊ नका. आमच्या मांजरीची भूल एकदा पुढे ढकलावी लागली होती, कारण शेजारच्या काकांनी पहाटे प्रेमाने तिला अंडं खाऊ घातलं होतं. ते बिचारे अनभिज्ञ होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

खर्च झेपत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. १८८३ सालापासूनचं. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

पागोळी | ९ ऑगस्ट

केशरच्या तोंडाचा दाह आहे. मागच्या दाढांच्या हिरड्या लालभडक, घशाच्या दोन्ही बाजूंना सुजलेलं, दोन दाढांची मुळं उघडी. डॉक्टर म्हणाले, माणसाला इतकं झालं असतं तर पाणीही प्यायलं नसतं. ते ऐकून मला तिथेच रडू आलं. पंधरा दिवस तो दोन्ही वेळा माझ्या दारात येऊन सांगत होता.

एफआयव्ही आणि ल्यूकेमिया दोन्ही नाही. मूत्रपिंडं ठीक. आधी प्रतिजैविकं आणि वेदनाशामक, मग मागच्या दाढा काढायच्या, सुळे ठेवायचे. मी विचारलं, दाढांशिवाय खाईल कसा? ते म्हणाले, मांजर आपल्यासारखं चावून बारीक करत नाही, तुकडे गिळतं. मऊ खाणं आरामात खाईल, पुढे कित्येक जण दाणेही गिळून खातात.

लीड्सकर | ९ ऑगस्ट

पागोळी, स्वतःला दोष देऊ नका. मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात, आणि तुम्ही तर चौदा दारं वाजवलीत. शस्त्रक्रिया झाली की कळवा, वाट बघतेय.

तिसरा_मजला | १० ऑगस्ट

औषधाची जबाबदारी एकाच घराकडे ठेवा. आमच्या इथे एका कुत्रीला दोन घरांनी एकाच दिवशी जंताचं औषध दिलं होतं. दोघांचाही हेतू चांगला होता. जिथे सगळ्यांचं येणं-जाणं असेल तिथे एक वही टांगा: तारीख, वेळ, काय दिलं, किती खाल्लं, कोणी दिलं. आणि औषध असलेली वाटी तो संपवेपर्यंत कोणीतरी समोर उभं राहायचं.

पागोळी | २३ ऑगस्ट

सोमवारी दाढा काढल्या. आता आमच्या गॅलरीत आहे, जाळी लावून घेतली. खर्च साडेअकरा हजार झाला. मुलांनी चार हजार दिले, वहिनींनी दोन, आजींनी पेन्शनमधले हजार रुपये पाकिटात घालून आणून दिले आणि "परत करायचे नाहीत" म्हणाल्या. मावशी कोळीवाड्यातून मुद्दाम बघायला आल्या. पाचशे रुपये माझ्या हातात कोंबले आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आता काटा नाय देनार बाबा तुला."

पहिले दोन दिवस सिरिंजने भरवलं. तिसऱ्या दिवशी आजींनी वाटी पुढे केली तेव्हा स्वतःहून चाटलं. माझ्याकडून नाही, आजींकडूनच.

वही लेटरबॉक्सच्या खिळ्याला अडकवली आहे. आजींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या पूर्ण वाटीला गोल काढतात आणि अर्ध्या वाटीला अर्धा गोल. मुलांनी त्यांच्यासाठी जाड शाईचं पेन आणून दोरीने बांधलंय.

शिंपला | २४ ऑगस्ट

मावशींचं वाचून डोळे भरून आले. आता गणपतीनंतर टोपल्या परत येतील, तेव्हा त्याची भूक पुन्हा बदललेली दिसेल. तेव्हा घाबरू नका, आधी वही बघा. मांदेली, बोंबील उकडून काटे काढून थोडं द्यायला हरकत नाही, पण सुकं आणि खारवलेलं नको.

पागोळी | ५ ऑक्टोबर

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते. वजन ४ किलो ३५०. पाठीचे केस पुन्हा मऊ झालेत, अंग चाटायला लागलाय. गेल्या रविवारी जाळी काढली, तेव्हा आधी बदामाच्या झाडाला नखं घासली आणि मग थेट आजींच्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

आता चारच वाट्या. सकाळी सातला माझी, दहाला आजींची (चिकनच्या पाण्यातली पोळी, त्यांनी एका दिवसात बदल केला), रात्री नऊला माझी, अकराला मुलांची. डॉक्टरांनी दिवसाचं एकूण माप सांगितलंय, २०० ते २२० उष्मांकांचं, ते मी सकाळी मोजून डब्यांत वाटून देते. वहिनी वरणभात ठेवत नाहीत, पण संध्याकाळी त्याला विंचरतात. मावशी आल्या की उकडलेला एक तुकडा, आणि तो वहीत लिहिते त्यांची नात.

मागच्या बुधवारी सकाळी त्याने माझी वाटी अर्धी सोडली. पूर्वीसारखी छातीत धडधड झाली. वही उघडली तर आदल्या रात्रीच्या ओळीत मुलांनी लिहिलं होतं, "दोन डबे दिले, आमचा गोंधळ झाला, सॉरी काकू."

रानवारा | ५ ऑक्टोबर

फार बरं वाटलं. आजींचा गोल पूर्ण असतो की अर्धा?

पागोळी | ६ ऑक्टोबर

गेले वीस दिवस पूर्ण. दिवाळीत त्या दहा दिवस मुलीकडे नाशिकला जाणार आहेत, त्यांची सकाळची वाटी मुलांपैकी जो घरून काम करतो तो देणार. आजींनी त्याला पोळी किती वेळ भिजवायची ते काल स्वतः उभं राहून दाखवलं, आणि वहीत त्या दहा दिवसांचे रिकामे चौकोन आत्ताच आखून ठेवलेत.